शेवटच्या पावलापर्यंत धावणे

शास्त्रपाठ : १ करिंथ ९:२४-२७, फिलिप्पै ३:१२-१४, रोम १२:११

भिलाईतील आमच्या घराजवळ एक मोकळे मैदान आहे. सायंकाळी मी तेथे फिरावयास जातो, तेव्हा शाळकरी मुली बेसबॉलचा सराव करीत असतात. आमचे गाव पोलाद कारखान्याचे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे कामाला आली. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती. त्यांची नातवंडे आता ह्या मैदानावर खेळतात. घरात ती मराठी बोलतात आणि मैदानावर हिंदी.

एके दिवशी मी कुंपणापाशी उभा होतो. एका मुलीने चेंडू टोलविला. तो उंच न जाता जमिनीवरून घरंगळत थेट समोरच्या क्षेत्ररक्षक मुलीकडे गेला. टोलविणारी मुलगी पहिल्या बेसकडे धावू लागली. पण चेंडू कोठे गेला हे दिसताच, अर्ध्या वाटेवर तिने पाय आवरले आणि ती चालू लागली. इतक्यात त्या क्षेत्ररक्षक मुलीच्या हातून चेंडू निसटला. तिने तो पुन्हा उचलून पहिल्या बेसकडे फेकला. चालणारी मुलगी दोन पावलांनी बाद झाली. प्रशिक्षकांनी तिला जवळ बोलावले. ती मान खाली घालून म्हणाली, "सर, आउट तो होना ही था." प्रशिक्षक रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "बेटा, आउट देना अंपायर का काम है. तुम्हारा काम दौड़ना है."

घरी परतल्यावरही हे वाक्य माझ्या मनातून जाईना. प्रेषित पौलाने विश्वासणाऱ्याच्या जीवनाला वारंवार शर्यतीची उपमा दिली आहे, हे आपण सर्व जाणतो. परंतु धावणे म्हणजे नेमके काय, आणि अर्ध्या वाटेवर पाय का आवरले जातात, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. ह्या पाठात आपण तोच करू या.

खेळाची रीत

आपल्या पुष्कळ वाचकांना बेसबॉल परिचित नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. मैदानावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार ठिकाणे असतात. फलंदाज जेथे उभा राहतो ती होम प्लेट. तेथून पुढे पहिला, दुसरा व तिसरा बेस. एका ठिकाणापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर ९० फूट, म्हणजे सुमारे साडेसत्तावीस मीटर. चारही टप्पे पार करून जो होम प्लेटला परत येतो, त्याच्या नावे एक धाव लागते. क्रिकेटमध्ये चेंडू टोलविल्यावर धावावे की नाही, हे फलंदाज ठरवू शकतो. बेसबॉलमध्ये चेंडू नियमाप्रमाणे मैदानात गेला की धावावेच लागते. फलंदाज पोहोचण्यापूर्वी चेंडू पहिल्या बेसवर उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाच्या हातात आला, तर तो बाद.

जमिनीवरून सरळ हातात गेलेल्या चेंडूवर फलंदाज बहुतेक वेळा बादच होतो. मग त्याने जीव तोडून का धावावे? ह्याचे उत्तर खेळाच्या रचनेतच आहे. त्याला बाद करण्यासाठी तीन गोष्टी बिनचूक घडाव्या लागतात : चेंडू अडविला गेला पाहिजे, नेमका फेकला गेला पाहिजे आणि पलीकडे झेलला गेला पाहिजे. धावणारा वेगाने येत आहे हे दिसले की ह्या तिन्ही कामांत घाई होते, आणि घाईत चूक होते. धावणारा मंदावला की क्षेत्ररक्षकाला चूक करून ती सुधारण्यासही सवड मिळते.

ह्या खेळाचा आणखी एक नियम मला फार अर्थपूर्ण वाटतो. दुसऱ्या व तिसऱ्या बेसवर पोहोचणाऱ्याला तेथेच थांबावे लागते. तो पुढे गेला तर त्याला बाद करता येते. पण होम प्लेटकडून पहिल्या बेसकडे धावणाऱ्याला तो बेस ओलांडून सरळ पुढे जाण्याची मुभा आहे, मात्र त्याने लगेच परतले पाहिजे. म्हणून प्रशिक्षक नवशिक्यांना शिकवितात की बेसपर्यंत धावू नका, बेसच्या पलीकडे धावा. जो बेस हेच आपले शेवटचे ठिकाण मानतो, तो नकळत शेवटच्या दोन-तीन पावलांत मंदावतो, आणि बाद होण्या-न होण्याचा निर्णय तेथेच लागतो.

आपल्या खो-खोचे उदाहरण घ्या. बसलेल्या पाठलाग करणाऱ्याच्या पाठीवर खो पडतो, तेव्हा गडी हाती लागेल की नाही ह्याचा हिशेब करण्यास त्याला वेळच नसतो. खो मिळाला की उठायचे आणि धावायचे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या खो-खोच्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेत भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी विजय मिळविला, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचे होते. खेळ निराळे असले, तरी दोन्हींत धावणाऱ्याकडून एकच अपेक्षा असते : हाक आली की मागे-पुढे न पाहता संपूर्ण बळाने निघणे.

एक शब्द, दोन अर्थ

ह्या गुणासाठी नव्या करारात एक सुंदर ग्रीक शब्द आहे : 'स्पूदे'. मंडळीला आस्थेत मंद न होण्याचा जो बोध पौल रोमकरांस करतो (रोम १२:११), त्यात हाच शब्द आहे. देवदूताचा निरोप मिळाल्यावर मरीया डोंगराळ प्रदेशाकडे त्वरेने निघाली, तेथेही लूक हाच शब्द वापरतो (लूक १:३९). पेत्र आपल्या विश्वासात सद्गुणांची भर घालण्यासाठी झटण्यास सांगतो, तेथेही तोच (२ पेत्र १:५). ह्याच शब्दापासून झालेले क्रियापद इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात देवाच्या विसाव्यात प्रवेश करण्याच्या प्रयत्नाविषयी येते (इब्री ४:११), आणि गरिबांची आठवण ठेवण्याविषयी पौल स्वतःची जी आस्था सांगतो, तेथेही येते (गलती २:१०).

भाषांतरकारापुढे येथे अडचण उभी राहते. मूळ शब्द एकच. पण मराठीत त्यासाठी एके ठिकाणी 'त्वरा', दुसरीकडे 'आस्था', तिसरीकडे 'प्रयत्न' असे निरनिराळे शब्द योजावे लागतात. असे करणे चुकीचे नाही, कारण प्रत्येक वाक्याचा संदर्भ निराळा आहे. तथापि वाचकाच्या दृष्टीने काही हरवते. ग्रीक वाचकाच्या कानात पायांची त्वरा आणि मनाची आस्था ह्या दोन्ही एकाच शब्दात ऐकू येत असत. ज्याचे मन लागले आहे त्याचे पाय उचललेच जातात, हा त्या शब्दाचा आशय आहे. आपल्या 'झटणे' ह्या क्रियापदात मला त्याची थोडी छाया दिसते. 'झट', 'झटपट' आणि 'झटणे' हे शब्द कानाला एकाच घरातले वाटतात. त्यांत वेगही आहे आणि कष्टही.

रोमकरांस पत्रात ह्या शब्दाच्या विरुद्ध जो शब्द ठेवला आहे, तोही ध्यानात घेण्याजोगा आहे. तो म्हणजे 'ओक्नेरोस'. त्याचे भाषांतर 'आळशी' किंवा 'मंद' असे होते. पण त्याच्या मुळाशी कचरणे, मागे राहणे हा भाव आहे. 'ओक्नेरोस' म्हणजे थकून बसलेला मनुष्य नव्हे, तर निघावे की न निघावे असा हिशेब करीत पाय आवरणारा मनुष्य. ज्याने आपले हजार रुपये म्हणा किंवा सोन्याचे नाणे म्हणा, धन्याने दिलेले ते धन जमिनीत पुरून ठेवले, त्या दासाला धनी ह्याच शब्दाने संबोधितो (मत्तय २५:२६).

पाय आवरण्याची दोन कारणे

तो दास निजून राहिला नव्हता. त्याने खड्डा खणण्याचे श्रम घेतले होते. परंतु आपला धनी कठोर आहे, आपल्या हातून काही झाले तरी त्याचे समाधान होणार नाही, असे त्याने आधीच ठरवून टाकले होते. निकाल लागलाच आहे, मग धावायचे कशाला, हा त्याचा विचार. मैदानावरच्या त्या मुलीचे "आउट तो होना ही था" हे शब्द त्याच जातीचे आहेत. हे निराशेतून पाय आवरणे होय. मंडळीत आपण ते वारंवार पाहतो. त्या घरी भेटीला जाऊन काय उपयोग, ते उपासनेला येणार नाहीत. मुलासाठी इतकी वर्षे प्रार्थना केली, तो आता बदलणार नाही. आपण अंपायर होऊन निकाल देतो आणि मग त्या निकालाच्या आधाराने चालू लागतो.

दुसरे कारण ह्याच्या अगदी उलट आहे. १८ ऑगस्ट २०१९ रोजी अमेरिकेतील अटलांटा ब्रेव्ह्ज संघाचा तरुण खेळाडू रोनाल्ड अकुन्या याने लॉस एंजेलिस डॉजर्स संघाविरुद्ध एक जोरदार टोला मारला. चेंडू कुंपणापलीकडे जाणार अशी त्याची खात्री झाली. तसा तो गेला असता, तर चारही टप्पे त्याने सावकाश चालत पार केले असते तरी चालले असते. तो आपला टोला पाहत उभा राहिला. चेंडू मात्र कुंपणाच्या भिंतीवर आदळून मैदानात परतला, आणि जेथे सहज दुसरा बेस मिळाला असता तेथे त्याला पहिल्यावरच थांबावे लागले. संघाचे व्यवस्थापक ब्रायन स्निटकर यांनी त्याला त्याच सामन्यातून बाहेर बसविले. तो संघातील सर्वांत गुणी खेळाडूंपैकी एक होता. तरीही त्याची गय केली गेली नाही.

हे आत्मविश्वासातून पाय आवरणे होय. आपण उभे आहोत असे ज्याला वाटते त्याने पडू नये म्हणून जपावे, असा इशारा पौल ज्या करिंथकरांना देतो (१ करिंथ १०:१२), ते असेच आपल्या आत्मिक दानांच्या टोल्याकडे पाहत उभे राहिलेले लोक होते. आपला बाप्तिस्मा झाला, आपले घराणे तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, आपण मंडळीच्या कमिटीत आहोत. आता काय राहिले? वाचकहो, निराश मनुष्य म्हणतो की धावून काही मिळणार नाही, आणि निर्धास्त मनुष्य म्हणतो की धावण्याची गरजच नाही. दोघांची भाषा निराळी, पण दोघेही चालतच असतात.

फिलिप्पैकरांस लिहिताना पौल ह्या दोन्हींपासून दूर राहतो. आपण अजून पूर्णत्वास पोहोचलो नाही, हे तो कबूल करतो. आणि तरीही पुढच्या गोष्टींकडे अंग झोकून देत तो धावतो (फिलिप्पै ३:१२-१४). तेथील 'एपेक्तेइनोमेनोस' ह्या शब्दात धावपटू अंतिम रेषेजवळ येताना सारे शरीर पुढे ताणतो, त्याचे चित्र आहे. हा मनुष्य त्या वेळी बंदिवान आहे, वयाने उतरलेला आहे, आणि शेवटच्या पावलांत मंदावण्यास त्याच्यापाशी पुष्कळ सबबी आहेत.

कोणी पाहत नसताना

असे धावणे आयत्या वेळी येत नाही. ईनॉस स्लॉटर हा खेळाडू १९३६ साली जॉर्जिया राज्यातील कोलंबस गावच्या एका लहान संघात खेळत होता. क्षेत्ररक्षण संपवून परतताना तो काही अंतर धावे आणि मग चालू लागे. त्या चालण्याने खेळात काहीच बिघडत नव्हते. तरीही त्याचे व्यवस्थापक एडी डायर यांनी त्याला विचारले की तू थकला असशील तर तुझ्या जागी दुसरा कोणी पाहू का? हे स्लॉटरच्या मनाला इतके लागले की त्यानंतर तो मैदानावर कधी चालला नाही, सदैव धावतच राहिला.

दहा वर्षे गेली. १५ ऑक्टोबर १९४६ रोजी सेंट लुइस येथे वर्ल्ड सिरीजचा सातवा व निर्णायक सामना चालू होता. सेंट लुइस कार्डिनल्स आणि बॉस्टन रेड सॉक्स यांची बरोबरी होती, तीन-तीन. आठव्या डावात दोन गडी बाद झाले होते आणि स्लॉटर पहिल्या बेसवर होता. त्याचा सहकारी हॅरी वॉकर याने चेंडू टोलविला. अशा टोल्यावर पहिल्या बेसवरील खेळाडूने तिसऱ्यापर्यंत पोहोचणे ही सामान्य अपेक्षा. स्लॉटर तिसऱ्यावर थांबला नाही. तो सरळ होम प्लेटपर्यंत, म्हणजे तीन टप्पे, धावत आला, आणि त्या एका धावेने कार्डिनल्सने सामना ४-३ असा जिंकला. त्या दिवशी संघाचे व्यवस्थापक होते तेच एडी डायर.

अगदी थोडक्याविषयी जो विश्वासू, तो पुष्कळाविषयीही विश्वासू असतो, हे प्रभूने शिकविलेले तत्त्व येथे दिसून येते (लूक १६:१०). मोठा दिवस कोणता हे आपणांस आधी कळत नाही. म्हणून ज्या दिवशी काहीच पणाला लागलेले दिसत नाही, त्या दिवसाच्या धावण्याला मोल असते. रविवारच्या शाळेत दोनच मुले आली, तरी शिक्षकाने पाठाची तयारी पूर्ण करावी ती ह्यासाठीच.

वेग म्हणजे पवित्रता नव्हे

आता एक सावधगिरीची गोष्ट सांगणे अवश्य आहे. धडपडीने धावणाऱ्या खेळाडूंमध्ये पीट रोझ याचे नाव सर्वांत प्रसिद्ध. गोलंदाजाने चार चेंडू फलंदाजाच्या टप्प्याबाहेर टाकले की बेसबॉलमध्ये फलंदाजाला पहिला बेस आपोआप मिळतो. तेथे चालत जाण्याची सर्वांची रीत. रोझ मात्र तेथेही धावत जाई. १९६३ साली तो मेजर लीगमध्ये आला, तेव्हाच त्याला 'चार्ली हसल' हे नाव पडले. हसल म्हणजे धडपड. प्रथम ते थट्टेने दिले गेले, पुढे त्याने ते भूषणासारखे मिरविले. त्याने एकूण ४,२५६ यशस्वी टोले मारले. हा विक्रम अद्याप कोणी मोडलेला नाही.

आणि तरीही ऑगस्ट १९८९ मध्ये ह्याच रोझला खेळातून कायमचे अपात्र ठरविण्यात आले. संघाचा व्यवस्थापक असताना त्याने बेसबॉलच्या सामन्यांवर, स्वतःच्या संघाच्या सामन्यांवरही, जुगार लावला होता. जवळजवळ पंधरा वर्षे तो हे नाकारीत राहिला. २००४ मध्ये त्याने ते कबूल केले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी तो मरण पावला, आणि मे २०२५ मध्ये, मृत्यूनंतर, त्याचे नाव अपात्रांच्या यादीतून काढण्यात आले. पहिल्या बेसकडे जाताना ज्याने कधी पाय आवरला नाही, तो मनुष्य घराच्या वाटेबाहेरच राहिला.

१ करिंथ ९:२७ वाचताना मला त्याची आठवण होते. पौल तेथे म्हणतो की इतरांना घोषणा केल्यावर मी स्वतःच नापसंत ठरू नये म्हणून मी आपल्या शरीराला ताब्यात ठेवतो. तेथील 'अदोकिमोस' हा शब्द कसोटीस न उतरलेल्या, अपात्र ठरलेल्या मनुष्याचा आहे. करिंथकरांना हे चित्र परके नव्हते. त्यांच्या नगराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडा भरत आणि विजेत्याला मिळणारा मुकुट पानांचा असे. पौल ज्या 'स्तादिओन'मधील शर्यतीचा उल्लेख करतो, तोच शब्द लॅटिन व इंग्रजीतून आपल्याकडे 'स्टेडियम' म्हणून आला, आणि भिलाईच्या जयंती स्टेडियमच्या नावातही तो आहे. तेथे वेगाबरोबर नियमही पाळावे लागत (२ तीमथ्य २:५). मंडळीच्या कामात सर्वांत अधिक धावपळ करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. आपली लगबग ही आपल्या अंतःकरणाच्या परीक्षेची सुटका नव्हे.

दुसऱ्याच्या धावण्याचा न्याय

दुसरी सावधगिरी इतरांविषयी. २३ फेब्रुवारी २०२३ रोजी केप टाउन येथे महिलांच्या टी-२० विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. ऑस्ट्रेलियाच्या १७२ धावांचा पाठलाग करताना भारताची कर्णधार हरमनप्रीत कौर ५२ धावांवर खेळत होती. दुसरी धाव पूर्ण करताना तिची बॅट जमिनीत अडकली, ती क्रीजच्या अलीकडेच राहिली आणि धावबाद झाली. भारत अवघ्या पाच धावांनी हरला. तिने आणखी जोर लावला असता तर ती पोहोचली असती, अशी टीका झाली. पण त्या सामन्यापूर्वी ती आजारी होती आणि आजारातून उठूनच खेळावयास आली होती, हेही लक्षात घेतले पाहिजे.

धावणाऱ्याच्या पायांत किती बळ शिल्लक आहे, हे प्रेक्षकाला दिसत नाही. मैदानावरील त्या मुलीला तिचे प्रशिक्षक बोलू शकतात, कारण ते तिला रोज पाहतात. मला कुंपणाबाहेरून तो अधिकार नाही. दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण, असा रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील प्रश्नाचा आशय आहे (रोम १४:४). आस्थेविषयीचा बोध आपण प्रथम आपल्याच पायांना करावा.

आधी कोण धावले?

येथे एक मूलभूत शंका उभी राहते. तारण जर कृपेने आहे, तर ह्या धावण्याचे प्रयोजन काय? स्वतः पौलच सांगतो की हे इच्छा बाळगणाऱ्यावर किंवा धावपळ करणाऱ्यावर अवलंबून नाही, तर दया करणाऱ्या देवावर आहे (रोम ९:१६). मग त्याच पौलाने इतके का धावावे?

उत्तर फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. जे आपल्या हाती लागावे म्हणून तो धावतो, त्याचसाठी ख्रिस्ताने आधी त्याला हाती धरले आहे. दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. दिमिष्काच्या वाटेवर जो पकडला गेला, तो आता पकडावयास धावत आहे. त्याचे धावणे हे ख्रिस्ताचा हात मिळविण्याचे साधन नव्हे. तो हात आधीच मिळाल्याचा परिणाम आहे. म्हणून सर्वांपेक्षा अधिक श्रम केले असे म्हणताना, ते आपण नव्हे तर देवाच्या कृपेने केले, असेही तो म्हणू शकतो (१ करिंथ १५:१०). भीतीने कचरणाऱ्या दासाला हेच ठाऊक नव्हते. त्याला धनी फक्त कठोर वाटला.

उधळ्या पुत्राचा दाखला पाहा. पुत्र घराकडे येत आहे, मनात शब्दांची जुळवाजुळव करीत येत आहे. त्या दाखल्यात धावतो तो पुत्र नव्हे, पिता (लूक १५:२०). त्या काळच्या पौर्वात्य समाजात वयस्क गृहस्थाने अंगरखा सावरीत रस्त्यातून धावणे कमीपणाचे मानले जाई. पित्याने त्याची पर्वा केली नाही. ज्याच्याकडे असा पिता धावत आला, त्याचे पाय मग कोणाकडे जाताना जड व्हावेत?

हिवाळ्यापूर्वी

शेवटी स्वतःविषयीची एक गोष्ट लिहितो. ती लिहिण्यास मला संकोच वाटतो. पण न लिहिली तर हा पाठ अपुरा राहील.

काही वर्षांपूर्वी मी तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा मसुदा तपासत होतो. आमच्या मंडळीत कारखान्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध वडील होते, मूळचे विदर्भाचे. आम्ही त्यांना काका म्हणत असू. त्यांनी औपचारिक शिक्षण फार घेतले नव्हते. पण त्यांचा कान असा होता की मसुदा मोठ्याने वाचून दाखविला की कोठे अडखळायला होते, ते बरोबर सांगत. चौथ्या अध्यायात बंदिवान पौल तीमथ्याला आपल्याकडे त्वरेने येण्यास दोनदा विनवितो, आणि दुसऱ्या वेळी हिवाळ्यापूर्वी येण्यास सांगतो (२ तीमथ्य ४:९, २१). हिवाळ्यात समुद्रप्रवास जवळजवळ बंद पडत असे. उशीर झाला तर वसंत ऋतूपर्यंत थांबावे लागले असते, आणि पौलापाशी तितके दिवस नव्हते. दोन्ही वेळा क्रियापद 'स्पूदे' ह्याच कुळातले आहे. त्यासाठी समर्पक मराठी शब्द मला सापडेना, आणि मी ही अडचण काकांना सांगून ठेवली होती.

पुढे काका आजारी पडले. एके दिवशी त्यांच्या मुलाकडून निरोप आला : "भाऊ, त्या ओळीसाठी एक शब्द सुचला आहे. सवड झाली की या." त्यांचे घर माझ्या घरापासून पायी वीस मिनिटांच्या अंतरावर होते. मी त्या आठवड्यात कामात होतो. पुढच्या आठवड्यात बैठक होती. त्याच्या पुढे मला वाटले की काका कोठे जातात, सावकाश जाऊ. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या अंत्यविधीला गेलो.

तो शब्द कोणता होता, हे मला अखेरपर्यंत कळले नाही. त्वरेने येण्याविषयीच्या ओळीवर मी तीन आठवडे काम करीत बसलो होतो, आणि जेथे त्वरेने जावयाचे होते तेथे गेलो नाही. प्रभूने मला क्षमा केली आहे, असा माझा विश्वास आहे. पण आता कोणाचा निरोप आला की मी चपला पायात घालतो, मग वेळ पाहतो.

परवा पुन्हा मैदानावर गेलो होतो. त्याच मुलीने चेंडू टोलविला, तो पुन्हा सरळ हातात गेला, आणि ह्या खेपेस क्षेत्ररक्षक मुलीने काहीच चूक केली नाही. ती बादच झाली. पण पहिला बेस ओलांडून पाच-सहा पावले पुढे जाईपर्यंत ती मंदावली नाही.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या जीवनात असे कोणते काम आहे, ज्याचा निकाल आपण आधीच ठरवून पाय आवरले आहेत?

२. रोम १२:११ आणि मत्तय २५:२६ ही वचने शेजारी ठेवून वाचा. त्या दासाच्या आळशीपणामागे धन्याविषयीची कोणती कल्पना होती? आपल्या मनात देवाविषयी तशी कल्पना आहे काय?

३. मंडळीच्या कामातील धावपळीआड आपण काही लपवीत आहोत काय? १ करिंथ ९:२७ च्या प्रकाशात स्वतःची परीक्षा करा.

४. आपल्याला 'सवड झाली की या' असे कोणी सांगितले आहे? त्या व्यक्तीचे नाव लिहून ठेवा आणि ह्याच आठवड्यात तिची भेट घ्या.